आधी साचा, मग ओतकाम

जाड माणसाच्या बाबतीत आपली मराठी भाषा मोठी दुटप्पी आहे. मूल गुटगुटीत असले की ते ‘बाळसेदार’. त्याची आपण दृष्ट काढतो. तरुण मुलगा अंगाने भरला की तो ‘धष्टपुष्ट’. लग्नानंतर अंग धरले, तर ‘संसार मानवला’ म्हणून कौतुक. पण त्यावर आणखी पंधरा-वीस किलोंची भर पडली, की हीच भाषा एकाएकी पालटते. मग तोच माणूस ‘ढोल्या’ होतो, ‘गलेलठ्ठ’ होतो, आणि पाठीमागे ‘आळशी’ व ‘खादाड’ही ठरतो. काल ज्याच्या पानात आग्रहाने तिसरी पुरणपोळी वाढली, त्यालाच आज ‘तोंडावर जरा ताबा ठेवा’ असे ऐकवताना आपली जीभ अडखळत नाही.

आमच्या कोल्हापुरात तर शरीर कमावणे हा गावाचा अभिमान. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानाच्या या गावात दूध, तूप, बदाम आणि मटण यांना ‘खुराक’ हे भारदस्त नाव आहे. परंतु तालमीतला खुराक एकटा कधीच नव्हता. त्याच्या जोडीला पहाटेचे हजारभर जोर-बैठकांचे ओझे होते. पुढे तालीम सुटली, मेहनत गेली, आणि खुराक तेवढा घरोघर राहिला. तांबडा-पांढरा रस्सा तोच, ताटही तेच. ते पचवणारे काम मात्र खुर्चीत जाऊन बसले.

पंचगंगेचा पूल ओलांडून पुण्याच्या बाजूला निघालात, की शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. ओतकामाचे कारखाने, मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने, आणि पाळ्यांच्या वेळी गेटांबाहेर लागणारी मोटारसायकलींची रांग. माझा मेहुणा इथल्याच एका फौंड्रीत वीस वर्षांपूर्वी साचे करायला लागला. तेव्हा त्याच्या अंगावर चिमूटभर चरबी नव्हती. पुढे बढती मिळाली आणि घाम गेला. आज तो चव्वेचाळीस वर्षांचा आहे. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ११८ किलो. आठ वर्षांपासून मधुमेह, रात्री भिंत हलवील असे घोरणे, आणि दिवसा बसल्या जागी डुलकी. एकदा रात्रपाळी संपवून येताना सांगली फाट्याजवळ गाडी चालवताना त्याचा डोळा लागला. दैव बलवत्तर म्हणून गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन आडवी झाली, एवढेच. त्यानंतर डॉक्टरांनी त्याला वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला दिला.

घरात वादळ उठले. ‘चांगलं पोट कापून घ्यायचं म्हणजे काय? खाणं कमी कर, झालं!’ असे सासूबाई म्हणाल्या. मेहुण्याने मला बाजूला घेतले. ‘दाजी, तुम्ही शिकलेले. तुम्ही सगळं वाचा, माझ्याबरोबर दवाखान्यात चला, आणि मग मला सांगा.’ मी मराठीचा अध्यापक. वैद्यकाशी माझा संबंध औषधाच्या बाटलीपुरता. तरी गेले चार महिने मी वाचले, ऐकले आणि विचारले. वाचकांपैकी कोणी, किंवा कोणाच्या घरी कोणी, याच वाटेवर असेल, त्यांच्यासाठी ती शिदोरी इथे मांडत आहे. अर्थात ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा, हे सांगायला नकोच.

‘खाणे कमी करा’ एवढे पुरत का नाही?

सासूबाईंचा प्रश्न रास्त होता, म्हणून आधी त्याचे उत्तर शोधले. ते थोडेसे चरकसंहितेतच सापडले. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाची भूक विलक्षण तीव्र का असते, याची मीमांसा आहे: मेदाने मार्ग अडतात, कोठ्यातला वायू अग्नीला फुंकर घालतो, आणि खाल्लेले झटपट जिरून पुन्हा भूक लागते. विज्ञानाची भाषा आज वेगळी आहे, पण ‘या माणसाची भूक तुमच्या-आमच्या भुकेहून निराळी आहे’ हे निरीक्षण जुनेच.

१९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी ‘घ्रेलिन’ हे भूक चाळवणारे द्रव्य शोधून काढले; ते मुख्यतः जठरात तयार होते. उपासाने वजन घटले, की शरीर हे द्रव्य वाढवते आणि आपला खर्च आखडता घेते. अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका दूरदर्शन स्पर्धेतील चौदा जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. बहुतेकांचे वजन पुष्कळसे परत आले होते. तरीही त्यांची शरीरे अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमीच जाळीत होती. म्हणजे निश्चयाच्या दोरीला एका बाजूने माणूस ओढतो, आणि दुसऱ्या बाजूने त्याचेच शरीर. अशा माणसाला आळशी म्हणणे हा अन्याय आहे.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगापुढे मांडली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि त्यांचे इंग्लंडमधील स्नेही डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापून आले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ भारतीय आतून जाड असू शकतो. म्हणूनच आपल्यासाठी धोक्याची रेषा युरोपियनांपेक्षा खाली आखावी लागते.

हा निर्देशांक काढणे सोपे आहे: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. मेहुण्याचा जवळजवळ ४२ आला.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय?

ही शस्त्रक्रिया कालपरवाची नाही. १९६६ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराला वळसा देण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन वाढत नाही, हे त्यांच्या नजरेस आले होते. आज ती बहुधा दुर्बिणीने, लहान छिद्रांतून होते. दोन प्रकार मुख्य आहेत. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा थोडा अधिक भाग कायमचा काढून केळ्यासारखी नळी ठेवतात, त्याबरोबर घ्रेलिनही घटते. ‘बायपास’मध्ये जठराची अंड्याएवढी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत केवळ जागा कमी होत नाही. भुकेचे आणि साखरेचे सारे गणितच बदलते. मधुमेह पुष्कळदा वजन उतरण्याआधीच आटोक्यात येऊ लागतो, तो त्यामुळेच.

स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा सुमारे दोन हजार रुग्णांची, आणि शस्त्रक्रिया न केलेल्या तितक्याच जणांची नोंद ठेवली गेली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शस्त्रक्रिया केलेल्यांतील मृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने कमी होते. आपल्याकडे नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हापासून हा विषय दिवाणखान्यात उघडपणे बोलला जाऊ लागला.

कोणी करावी? २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाप्रमाणे निर्देशांक ३५ च्या वर असेल त्याने. आशियाई लोकांत मात्र २७.५ पासूनच विचार व्हावा. विम्याची रेषा अधिक कडक आहे: वय किमान १८, आणि निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ च्या वर असून सोबत हृदयविकार, तीव्र निद्राश्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह. शिवाय साधे उपाय आधी करून पाहिलेले हवेत. तेव्हा जुन्या आहारतज्ज्ञांची पत्रे, वजनाच्या नोंदी टाकून देऊ नका. विम्याच्या दारात त्या उपयोगी पडतात. २०२५ पासून आठवड्यातून एकदा घ्यायची नवी इंजेक्शनेही आपल्याकडे मिळू लागली आहेत. आपल्याला कोणते योग्य, हे डॉक्टरांना मोकळेपणी विचारावे.

धोका मुळीच नाही असे कोणी म्हणाले, तर त्यावर विश्वास ठेवू नका. रक्तस्राव, टाक्यातून गळती, पायात रक्ताची गुठळी हे संभवते. अनुभवी हातांत मृत्यूचे प्रमाण हजारी एकाच्या आसपास आहे. तेव्हा सर्जनना नि:संकोच विचारा: वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? माझ्यासाठी हाच प्रकार का? रात्री दोन वाजता पोटात दुखले तर फोन कोणाला करायचा?

साचा आधी

तपासण्यांच्या याद्या पाहून मी कंटाळलो, तेव्हा मेहुणा हसून म्हणाला, ‘दाजी, लोखंडाचा रस ओतायला किती वेळ लागतो? काही सेकंद. पण कास्टिंग चांगलं की वाईट, ते साच्यातच ठरलेलं असतं. वाळूत ओल राहिली की आत वायूची भोकं पडतात. वरून माल देखणा दिसतो. मशीनवर घेतला की उघडा पडतो.’ इतकी नेमकी उपमा मला वर्गात कधी सुचली नव्हती. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची, साचा महिन्यांचा.

तपासण्यांत रक्त, साखर, थायरॉइड, लोह, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व, हृदयाचा आलेख, पोटाची सोनोग्राफी आणि जठराची दुर्बिणीने पाहणी असते. घोरणाऱ्याची झोपेची तपासणीही होते. झोपेत श्वास अडखळतो असे दिसले, तर रात्री लावायचा मुखवटा देतात. मेहुण्याला तो मिळाला. पहिल्याच आठवड्यात दिवसाची डुलकी ओसरली.

तंबाखू आणि विडी-सिगारेट निदान सहा आठवडे आधी सुटली पाहिजे, आणि पुढे ती धरायची नाही. जखम भरण्यात ती विघ्न आणते, व्रण करते. मशेरी लावणाऱ्या मावशींनीही हे लक्षात घ्यावे.

तिसरी तयारी वहीची. आहारतज्ज्ञ बाईंनी मेहुण्याला खाल्लेले सर्व लिहायला सांगितले: वेळ, पदार्थ, आणि त्या वेळचे मन. ती वही मी भाषेच्या माणसाच्या नजरेने चाळली. तिच्यात ‘जेवण’ थोडे, पण ‘जरासा’ हा शब्द पानोपानी होता. कँटीनमध्ये जरासा चिवडा, साहेब रागावले म्हणून जरासा वडा, रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून चहाबरोबर जरासे बिस्किट. भुकेखेरीज किती गोष्टींसाठी आपण खातो! मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात ते याचसाठी. वेडा ठरवायला नव्हे.

चौथी तयारी सवयीची. घास लहान, चावणे भरपूर, जेवायला वीस-तीस मिनिटे, आणि जेवताना पाणी नाही. ते अर्ध्या तासाने. पुढे हा नियमच होणार, म्हणून हात आताच बसवावा. रोज चालावे, आणि तीन गोळ्यांच्या त्या छोट्या यंत्राने दीर्घ श्वासाचा सराव करावा.

शेवटचे सुमारे दोन आठवडे कडक आहाराचे. तो केवळ वजनासाठी नसतो. चरबीने फुगलेले यकृत जठरावर पसरून बसलेले असते. या आहाराने ते आक्रसते, आणि सर्जनना खाली पोचायला वाट मिळते. मधुमेह्याने मात्र हा आहार मनाने सुरू करू नये. अन्न कमी आणि गोळ्या त्याच, असे झाले तर साखर एकदम खाली जाते.

घराची तयारी

मेहुण्याची शस्त्रक्रिया त्रिपुरी पौर्णिमेनंतर ठरली आहे. म्हणजे कडक आहार नेमका दिवाळीच्या पाडव्याला सुरू! घरात चकलीचा घाणा, आणि घरधनी मूगाच्या कढणावर. वहिनींनी मार्ग काढला: फराळ निम्मा, तो नरकचतुर्दशीलाच वाटून मोकळे व्हायचे. भाऊबीजेला माझी पत्नी भावाला ओवाळील. तबकात दिवा आणि सुपारी आहे, करंजी नाही. सासूबाई अजून पुटपुटतात, पण परवा त्यांनीच नातवाला बजावले, ‘बाबाच्या समोर लाडू खाऊ नको रे.’

शस्त्रक्रिया एकाची असली, तरी चूल सगळ्यांची आहे. त्यानंतर आधी पातळ, मग पेजेसारखे, मग मऊ असे करत नेहमीच्या अन्नावर यायला सहा ते आठ आठवडे लागतात. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत. डाळ, दही, पनीर, अंडी, मासे यांना भाकरीच्या आधी मान. जीवनसत्त्वे जन्मभर, रक्ततपासणीही जन्मभर. अंगदुखीच्या गोळ्या विचारल्याशिवाय नाहीत. स्त्रियांनी वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी. तीन-चार महिन्यांनी केस गळू लागले तर घाबरू नये. बहुधा ते परत येतात.

वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाचा चौथा भाग किंवा थोडा जास्त उतरणे, हे चांगले यश. ११८ किलोंचा माणूस ८५ च्या आसपास येईल, सिनेमातला नट होणार नाही. पुढे थोडे वजन परत येऊही शकते. तो अपराध मानू नये. लाजेने दवाखाना टाळू नये, उलट आधी जावे.

ज्यांची तारीख ठरली आहे त्यांना भीती वाटणारच. वाटू द्या. ती वहीत लिहा, डॉक्टरांना सांगा, आणि ज्यांच्याबरोबर रोज जेवता त्यांना तरी काही लपवू नका. तुम्ही पळवाट शोधत नाही. वर्षानुवर्षे एकाकी ओढलेल्या दोरीला आता वैद्यकाचा हात लावून घेत आहात. आणि ज्यांच्या घरी असे कोणी असेल, त्यांच्यासाठी तयारी एकच, पण ती अवघड आहे: या दिवाळीत त्याच्यापुढे ताट मांडताना आग्रह करू नये, आणि ताट उचलताना टोमणा मारू नये.