हंसीचें वय आणि तिचीं अंडीं



रोज सोन्याचें अंडें देणाऱ्या पक्ष्याची इसापाची गोष्ट आपण लहानपणीं ऐकली आहे. आपल्याकडे ती कोंबडीची म्हणून सांगतात. इंग्रज मुलांच्या गोष्टींत मात्र हंसी असते. उतावीळ धनी तिला मारून बसतो, हा भाग दोहींकडे सारखाच. युरोपांत बदकाहून मोठे, लांब मानेचे हंस मांसासाठीं व पिसांसाठीं पाळतात. तेथें असा उतावीळपणा खरोखरच महागांत पडतो.

कोंबडी पांच-सहा महिन्यांची झाली म्हणजे अंडीं घालूं लागते. पहिलें वर्ष तिच्या भरभराटीचें. पुढें दर वर्षीं आंकडा उतरत जातो. म्हणून अंड्यांचा व्यापारी तिला फार दिवस ठेवीत नाहीं. हाच हिशेब हंसीस लावल्यास तो साफ चुकतो.

हंसी बहुधा वर्षाची होतां होतां, वसंतांत दिवस मोठा होऊं लागला कीं, प्रथम अंड्यावर येते. एम्डन अथवा तुलूझ जातीची हंसी हंगामाला साधारणतः २० ते ४० अंडीं देते. परंतु पहिल्या हंगामांत अंडीं थोडीं, आकारानें लहान, आणि त्यांतून पिलेंही कमी निघतात. दुसऱ्या हंगामांत संख्या वाढते, तिसऱ्याच्या सुमारास ती बहुधा कळसास पोहोंचते आणि त्यानंतर हळूहळू ओसरूं लागते. चांगली हंसी पांच वर्षांपर्यंत सहज उपयोगी पडते.

असें कां व्हावें? हंस हा दीर्घायुषी पक्षी. त्याची वाढ सावकाश होते. या जातींचा रानटी पूर्वज जो करडा हंस, तो बहुधा तीन वर्षांचा झाल्यावांचून घरटेंच करीत नाहीं. माणसानें ही मुदत अलीकडे ओढली, तरी मूळ स्वभाव पुरता पालटला नाहीं.

मात्र केवळ अंडीं मोजून भागत नाहीं. नर म्हातारा झाला तर अंडीं पुष्कळ येऊनही पिलें निघत नाहींत. यास्तव जाणता पाळणारा सर्व कळप एकदम न बदलतां दर वर्षीं त्याचा कांहीं भाग नवा करतो. तरुण व प्रौढ पक्षी एकत्र राहतात आणि उत्पन्नांत खंड पडत नाहीं.

मीं आयुष्यभर शाळेंत मुलें शिकविलीं. पहिल्या सहामाहीचे गुण पाहून एखाद्या मुलावर मंदबुद्धीचा शिक्का मारण्याची चूक माझ्या हातून एकदां नव्हे, अनेकदां घडली. हंसीचा हा हिशेब मला तेव्हां ठाऊक असता, तर मीं तिसऱ्या वर्षाची वाट पाहिली असती.