स्लेटच्या बिलियर्ड्स टेबलाचे स्थानांतर : यांत्रिक दृष्टीने विवेचन

प्रस्तावना :
पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद मिळविले. ज्या टेबलावर हा खेळ चालतो ते मात्र जिमखान्यातील सर्वांत दुर्लक्षित यंत्र होय. खोलीची फेररचना करावयाची झाल्यास 'चार गडी लावून सरकवू' असे सहज म्हटले जाते. अशा वेळी बोटे चिरडण्याचा, पाठ दुखावण्याचा आणि दगड तडकण्याचा धोका असतो. प्रस्तुत लेखात या धोक्याची कारणमीमांसा केली आहे.

विवेचन :
लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी १८२० च्या दशकात लाकडी फळ्यांऐवजी स्लेटचा वापर सुरू केला. हा दगड सपाट थरांत फुटतो व दमट हवेत लाकडाप्रमाणे वाकत नाही. पूर्ण आकाराच्या टेबलाचे क्रीडाक्षेत्र ३५६९ × १७७८ मि.मी. असते. स्लेटची जाडी ४५ मि.मी. व घनता २.७५ धरल्यास तेवढ्याच भागाचे वस्तुमान सुमारे ७८५ किलोग्रॅम भरते. हा दगड पाच तुकड्यांत असतो. चौकट, आठ पाय व कुशने धरून एकूण भार १३०० किलोग्रॅमच्या आसपास जातो.

घर्षणांक ०.४ मानला, तर टेबल ढकलण्यास सुमारे ५१०० न्यूटन बल लागेल. एक माणूस ३०० न्यूटन लावू शकतो असे गृहीत धरले तरी सतरा माणसे हवीत. ती मिळाली तरी प्रश्न सुटत नाही. ढकलण्याचे बल वर लागते आणि घर्षण पायांच्या तळाशी असते. प्रत्येक पायाच्या वाट्याला सुमारे ६४० न्यूटन येतात आणि अर्ध्या मीटरहून अधिक उंचीमुळे पाय व चौकट यांच्या सांध्यावर ३०० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त आघूर्ण पडते. जुन्या लाकडाचा सांधा येथेच ढिला होतो.

कुशनला धरून उचलणे याहून वाईट. कुशनचे बोल्ट स्लेटमध्येच बसविलेले असतात. त्यामुळे सारा भार दगडाच्या कडेवर येतो. स्लेट दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही. दोन्ही टोकांनी उचलल्यास चौकट मध्यभागी किंचित झुकते व तुकड्यांमधील सांधे उघडतात.

अंतर थोडे असेल, तर चौकटीच्या तुळयांखाली पायांलगत जॅक लावून सर्व बाजू थोड्या थोड्या, सारख्या उचलाव्यात आणि मग चाकांच्या मजबूत गाड्यांवर टेबल न्यावे. पहारीने एकच कोपरा उचलण्याचा मोह टाळावा. अंतर अधिक असल्यास टेबल सुटे करणेच श्रेयस्कर. एकदा काढलेली जुनी बनात पुन्हा नीट ताणली जात नाही, म्हणून बनात बदलण्याच्या वेळीच स्थानांतर योजणे शहाणपणाचे. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक व दिशा नोंदवावी. दीडशे किलोग्रॅमहून जड असलेला हा तुकडा आडवा न नेता कडेवर उभा न्यावा. कारण उभ्या अवस्थेत त्याच्यातील वाकण्याचा ताण जवळजवळ सोळापट कमी होतो.

नव्या जागी मात्र खरे कसब समतल करण्यात आहे. एका मीटरला एक मि.मी. उतार डोळ्यांना दिसत नाही. परंतु लोळण-रोधाचा गुणांक ०.०१ धरल्यास, आडव्या उतारावरून तीन मीटर जाऊन थांबणारा चेंडू सुमारे १० सें.मी. बाजूला ओढला जातो. चेंडूचा व्यास ५२.५ मि.मी. आहे, म्हणजे हे विचलन जवळजवळ दोन चेंडूंइतके! सुताराची साधी पाणसळ येथे पुरत नाही; यंत्रशाळेतील सूक्ष्म पाणसळ लागते. प्रथम चौकट, नंतर एकेक तुकडा पातळ पाचरी देऊन समतल करावा, मगच सांधे भरावेत.

वरच्या मजल्यावर प्रत्येक पायाखाली सुमारे १६० किलोग्रॅम भार येतो, याचाही विचार आधी व्हावा. लाकडी चौकट नव्या जागी हळूहळू बसते. त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा मापन करून पायांखालील पाचरी सारख्या कराव्या लागतात.