आधी फांदी, मग पक्षी

कपडे वाळत घालायच्या तारेवर बसलेला दयाळ आणि शेवग्याच्या सुक्या डहाळीवर बसलेला दयाळ, अशी दोन छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. पक्षी तोच, पण तारेवर तो परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा अवघडलेला वाटतो आणि डहाळीवर घरचा. परसदारच्या पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद हल्ली घरोघरी दिसतो. त्यात कॅमेऱ्याच्या किमतीची चर्चा फार होते, फांदीची फारशी होत नाही.

प्रत्येक पक्ष्याची बैठक वेगळी. दयाळाला विणीच्या दिवसांत, साधारण मार्चपासून, गाण्यासाठी उंच आणि उघडे टोक लागते. शिंजीर जास्वंदीच्या देठाशी लटकून फुलाच्या बुडाला भोक पाडतो आणि मध पितो. ठिपकेवाली मुनिया बी धरलेल्या गवताच्या काडीवर झुलते, तर नाचण सावलीतल्या खालच्या फांद्यांवर शेपटीचा पंखा उघडत नाचतो. ही बैठक ओळखली, की पक्ष्यामागे धावावे लागत नाही. तोच तिथे येतो.

घरच्या घरी एक सोय करता येते. उथळ मातीच्या भांड्यात पाणी ठेवावे आणि हात-दीड हातावर पेन्सिलीएवढी जाड सुकी फांदी रोवावी. पेरूची किंवा डाळिंबाची असली तर उत्तम. पक्षी थेट पाण्यावर उतरत नाही. आधी जवळ बसून मांजर नाही ना, कावळा नाही ना, याचा अंदाज घेतो. ते दोन-चार क्षण छायाचित्रकाराचे. सकाळचे ऊन आपल्या पाठीशी असावे, कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर असावा आणि डोळा स्पष्ट यावा. मागची भिंत फांदीपासून जितकी दूर, तितकी ती छायाचित्रात विरघळून जाते. बाकी सारे काम धीराचे.

पण मुळात फांदी शिल्लक आहे का? सोसायटीच्या आवारात फरशा बसल्या, कुंपणाची मेंदी एका उंचीत कापली गेली आणि वाळलेली फांदी दिसली की ती तोडण्याला आपण स्वच्छता म्हणू लागलो. कोळ्याची जाळीसुद्धा आपण झाडून काढतो. शिंजीर आणि शिंपी आपली घरटी बांधायला तेच धागे वापरतात.

शिंप्याची गोष्ट तर जास्तच नाजूक. शेपटीसकट जेमतेम १३ सेंटिमीटरचा हा पक्षी रुंद पाने शिवून त्यांत घरटे करतो, कधी कधी अगदी कुंडीतल्या झाडावर. मग घरात आनंदीआनंद होतो आणि कोणी तरी आतली पिल्ले नीट दिसावीत म्हणून पान बाजूला सारते. सावली जाते, ऊन थेट पिल्लांवर येते आणि कावळ्याला वाट सापडते. आईबाप चोचीत अळी धरून लांबच घुटमळत राहतात, कारण समोर माणूस उभा असतो. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणे हाही असाच प्रकार. नराला वाटते प्रतिस्पर्धी आला, आणि तो पिल्लांचे सोडून भांडायला धावतो.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणेही येते. हौसेने पान सारणाऱ्या हाताला हे ठाऊक नसते. म्हणून घरातल्या मुलांच्या हाती कॅमेरा देताना एवढे तरी सांगावे, की घरटे दिसले तर मागे फिरायचे आणि पक्षी एकसारखा ओरडू लागला तर आणखी मागे व्हायचे. पिल्ले उडायला लागली की आपणहून फांदीवर येऊन बसतील. तिथेच त्यांची छायाचित्रे काढावीत.

आणि या रविवारी बागेची साफसफाई करणार असाल, तर एक सुकी फांदी तेवढी राहू द्या.