भोंगा कोणी वाजवायचा?

मुलगा इंजिनिअर झाला, मोठ्या कंपनीत लागला, आता त्याच्या हाताखाली दहा माणसे आहेत, असे आई-वडील शेजारीपाजारी अभिमानाने सांगतात. तो अभिमान रास्तच आहे. पण हाताखाली दहा माणसे असणे म्हणजे नेमके काय, याचा विचार घरात फारसा होत नाही. पगार किती, हे सगळे विचारतात. जेवलास का, झोपलास का, हे फक्त आई विचारते.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात मी वीस वर्षे आहे. त्यांतील बारा वर्षे इंजिनिअर मुलामुलींची टीम सांभाळण्यात गेली. या काळात जे उमगले, ते आपल्या घरांतील तरुणांसाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी येथे मांडत आहे.

माझे वडील गिरणीत होते. काम कष्टाचे, पण भोंगा वाजला की पाळी सुटायची. हे तास कोणी आपणहून दिलेले नव्हते. १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. ते विधेयक मांडले गेले तेव्हा मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आज संगणकापुढे बसणाऱ्या मुलाला मात्र भोंगाच नाही! अमेरिकेत सकाळ होते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ उलटलेली असते आणि मीटिंग तिकडच्या घड्याळाने लागते.

याची किंमत शरीर मोजते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली एक संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो, असे त्यात आढळले.

मग भोंगा कोणी वाजवायचा? ज्याच्या हाताखाली माणसे आहेत, त्याने! साहेबाने रात्री बारा वाजता निरोप पाठवला आणि खाली "सकाळी बघितले तरी चालेल" असे लिहिले, तरी नवा मुलगा सकाळची वाट बघत नाही. घरातली पहिली नोकरी असते, भावाची फी त्याच्या पगारावर असते. तो उठतो आणि कामाला बसतो. म्हणून साहेबाने निरोपच सकाळी पाठवावा, वेळेवर उठावे आणि सर्वांच्या देखत घरी जावे. तो उठल्याशिवाय बाकीचे उठत नाहीत.

दुसरी गोष्ट अपयशाची. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून उडालेले एसएलव्ही-३ हे रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळले. प्रकल्प संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. पण पत्रकारांसमोर गेले ते इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन. जबाबदारी त्यांनी आपल्या अंगावर घेतली आणि आपल्या माणसांवर विश्वास असल्याचे सांगितले. १८ जुलै १९८० रोजी त्याच रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचवला. त्या दिवशी मात्र धवन यांनी कलामांना पत्रकारांपुढे पाठवले. अपयश आपले, यश टीमचे! कलाम पुढे राष्ट्रपती झाले, तरी हा प्रसंग ते सांगत असत.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतले. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीरांचा अंत झाला. थंडीत रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कडी नीट काम करणार नाही, उड्डाण थांबवा, असे इंजिनिअर आदल्या रात्री सांगत होते. वरिष्ठांनी त्यांचे म्हणणे बाजूला सारले. टीममधला सर्वांत धाकटा मुलगा "सर, हे बरोबर नाही" असे न घाबरता म्हणू शकतो का, यावरून साहेबाची पारख होते.

आता मुद्दा शरीराचा. झोप न झालेला, डोके दुखत असलेला माणूस कोणाचे ऐकून घेत नाही, तो खेकसतो. म्हणून टीम सांभाळणाऱ्याची तब्येत ही एकट्याची बाब राहत नाही. त्यासाठी महागडी व्यायामशाळा नको. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे. बसमधून एक थांबा आधी उतरावे, जिना चढावा, कॅन्टीनचा वडा आणि गोड चहा आवरावा. घरातील मुलगी किंवा सून इंजिनिअर असेल, तर तिची दुसरी पाळी स्वयंपाकघरात सुरू होते, हेही लक्षात घ्या. पोळ्या लाटायला आणि भांडी घासायला घरातल्या पुरुषांनी हात लावला, तरच तिला चालायला अर्धा तास मिळेल.

शेवटी सुखाचे. बढती झाली, फ्लॅट झाला, गाडी आली, तरी त्याचा आनंद काही दिवसांत ओसरतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून माणसांच्या आयुष्यांचा एक अभ्यास चालू आहे. त्यात विद्यापीठातील विद्यार्थी होते, तशीच बॉस्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील मुलेही होती. इतक्या वर्षांनी हाती आले ते असे, की ज्यांचे घरच्यांशी आणि मित्रांशी नाते जिव्हाळ्याचे, ती माणसे अधिक सुखी आणि म्हातारपणी अधिक निरोगी राहिली.

तेव्हा तरुण मित्रांनो, जेवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दिवसभर काय केले ते आईला तिला समजेल अशा शब्दांत सांगा. आणि माता-पित्यांनो, पगार वाढला का, हे विचारण्याआधी, आज किती वाजता सुटलास, आणि तुझी पोरे किती वाजता सुटली, हे विचारा. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.