वाशी ते कालिना : इंग्रजीच्या पदवीची वाट

वाशीच्या सेक्टर १५ए मध्ये रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय आहे. ते १९७९ साली सुरू झाले तेव्हा वाशीला रेल्वे नव्हती. खाडी ओलांडून लोकल आली ती १९९२ मध्ये. भाऊरावांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी संस्था काढली ती शाळेपर्यंत पोचू न शकणाऱ्या मुलांसाठी. नवी मुंबईतही तिच्या वर्गात आगरी-कोळी घरांतली, माथाडी कामगारांची, घाटावरून आलेल्या कुटुंबांची मुले बसत आली आहेत. त्यांतली जी मुले बी. ए.ला इंग्रजी घेतात, त्यांच्या वाटेचा हा परिचय.

अमेरिकेत गावच्या कॉलेजातून विद्यापीठात जायची वाट रुळलेली आहे. इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ साली पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज निघाले. तेव्हापासून दोन वर्षे गावच्या कॉलेजात कमी फीत शिकायचे आणि पुढची दोन विद्यापीठात, असा मार्ग तिथे तयार झाला. आपल्याकडे ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाखाली बहुतेक ठिकाणी कौशल्याचे अभ्यासक्रम चालले. पायरीचे काम केले ते विद्यापीठाला जोडलेल्या साध्या कॉलेजांनी. वाशी, नेरूळ, पनवेलच्या मुलांसाठी वरची पायरी म्हणजे मुंबई विद्यापीठाचे कालिना संकुल. हार्बरने कुर्ला, तिथून बस किंवा शेअर रिक्षा.

ही वाट पहिल्याच वर्षी आखावी लागते, असे मला ठामपणे वाटते. पूर्वी टी. वाय.ला सहाही पेपर इंग्रजीचे घ्यायचे की तीन इंग्रजीचे आणि तीन दुसऱ्या विषयाचे, हा निर्णय शेवटपर्यंत लांबवता येई. नव्या शैक्षणिक धोरणाची चौकट महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. आता मेजर, मायनर आणि क्रेडिटचा हिशेब लवकर सुरू होतो. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. चौथे वर्ष केले तर एम. ए. एका वर्षात होते. तीनवर थांबले तर दोन वर्षे लागतात. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. एफ. वाय.ला केटी घेऊन मागे राहिलेल्या मुलाला हा आकडा तिसऱ्या वर्षी कळून काय उपयोग?

क्रेडिट साठवायला ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये तिचे नियम काढले. आजारपण, घरची नड किंवा नोकरी यामुळे शिक्षण सुटले, तरी कमावलेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत शाबूत राहतात. ज्या घरांत शिक्षण तुटण्याचे कारण बहुधा पैसा असतो, तिथे याचे मोल फार मोठे. मात्र पदवी देणाऱ्या संस्थेतच निदान निम्मी क्रेडिट मिळवावी लागतात. म्हणून कॉलेज बदलायचे असेल तर ते दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला बदललेले बरे, आणि तिथल्या पेपरांशी आपले पेपर जुळतात का हे आधी विभागप्रमुखांना विचारावे.

खरी अडचण हिशेबाच्या पलीकडे आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलगी बारावीपर्यंत सक्तीचे इंग्रजी गाईडवर पार करते आणि एकदम तिच्यापुढे एलिझाबेथन नाटक येते. वाचनाचा वेग नसतो, शब्दकोश सुटत नाही, वर्गात तोंड उघडायची भीती वाटते. यावर उपाय एकच, पहिल्या वर्षापासून पाठ्यपुस्तकाबाहेरचे रोज थोडे वाचणे. तिच्याकडे एक ताकदही असते आणि ती पुरेशी वापरली जात नाही. अरुण कोलटकरांचा ‘जेजुरी’ हा इंग्रजी कवितासंग्रह १९७६ साली आला. खंडोबाचा गड, भंडारा, वाघ्या-मुरळी हे सगळे तिला घरातून ठाऊक असते. परदेशी वाचकाला जिथे टिपा लागतात, तिथे ती थेट कवितेत शिरते. कवी निस्सिम इझिकिएल याच मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकवत. खानदेशातल्या सांगवीचे मराठी कादंबरीकार भालचंद्र नेमाडे फर्ग्युसनमधून पदवी घेऊन इथेच इंग्रजीत एम. ए. झाले आणि पुढे याच विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या टागोर अध्यासनावर बसले. दोन भाषांत वावरणे ही कमतरता नव्हे, हे अशा मुलांना कोणीतरी एफ. वाय.लाच सांगायला हवे.

मुंबईबाहेर जायचे असेल तर तयारी आणखी आधी लागते. जेएनयू किंवा दिल्ली विद्यापीठाच्या एम. ए.साठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अलीकडे ती साधारण मार्चमध्ये होते, तर अर्ज त्याआधी हिवाळ्यातच निघतात, म्हणजे टी. वाय.चे शेवटचे सत्र चालू असताना किंवा त्याच्याही आधी. दुसऱ्या विद्यापीठात जाताना स्थलांतर प्रमाणपत्र लागते. वाशीहून कालिनाला जाणाऱ्याला ते लागत नाही, कारण पदवी मुंबई विद्यापीठाचीच असते.