घर कुणाच्या नावावर? तुर्कस्तानातील स्त्रियांचा लढा

भगिनींनो, संसार दोघांचा असतो. एकजण पगार आणतो, दुसरी चूल, मुले, आजारपण सांभाळते. पण संसार मोडला की प्रश्न येतो, घर कुणाच्या नावावर? तुर्कस्तानातील स्त्रियांना या प्रश्नाने पाऊण शतक छळले.

१९२६ साली त्या देशाने स्वित्झर्लंडच्या धर्तीवर नागरी कायदा केला. बहुपत्नीत्व बंद झाले. घटस्फोट व वारसाहक्कात स्त्री पुरुषाच्या बरोबरीने आली. १९३४ साली संसदेसाठी मताधिकारही मिळाला. हे पाऊल मोठेच होते. परंतु त्याच कायद्यात पती कुटुंबप्रमुख होता आणि नोकरी करायची तर पत्नीला त्याची परवानगी लागे! ही अट तेथील घटना न्यायालयाने १९९० मध्ये रद्द ठरवली. मालमत्ता मात्र ज्याच्या नावावर, त्याचीच राहिली. आणि नाव बहुधा नवऱ्याचेच असे.

१९९९ साली युरोपीय महासंघाने तुर्कस्तानला उमेदवार देश मानले. महासंघात जायचे तर कायदे सुधारणे भाग होते. वर्षानुवर्षे झगडणाऱ्या स्त्री-संघटनांनी ही संधी साधली. १ जानेवारी २००२ पासून नवा नागरी कायदा लागू झाला. कुटुंबप्रमुख हे पद गेले. लग्नानंतर कमावलेल्या मालमत्तेच्या किमतीत दोघांचा निम्मा-निम्मा हक्क ठरला. घरकामाला प्रथमच हिशेबात जागा मिळाली.

पण यातही मेख होती. आधी लग्न झालेल्यांना हा हिस्सा २००२ नंतरच्या कमाईतच मिळणार होता. मागचे धरायचे तर नवऱ्याची करारावर सही हवी! ज्यांनी वीस-तीस वर्षे राबून घर उभे केले, त्यांच्या पदरात काय पडले?

२००५ साली नवा दंडविधान आला. बलात्काऱ्याने पीडितेशी लग्न केले की शिक्षा टळावी, ही लाजिरवाणी तरतूद गेली. स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा युरोप परिषदेचा करार २०११ मध्ये इस्तंबूल शहरातच झाला. त्याला संसदेची मान्यता देऊन तो स्वीकारणारा पहिला देश तुर्कस्तानच. आणि मार्च २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका निर्णयाने, रातोरात, त्यातून बाहेर पडणाराही तोच. हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तरी निर्णय फिरला नाही.

भगिनींनो, बोध स्पष्ट आहे. बाहेरच्या दबावाने कायदा लवकर होतो. पण तो दबाव ओसरला की राखण करायला घरातलेच लोक लागतात. मिळालेला हक्क समजून घ्या, वापरा आणि त्यासाठी संघटित राहा.