मोटारगाडीच्या इंजिनातील तेलगळती

इंजिनातील वंगणतेल आपला ठरलेला मार्ग सोडून सांधे, सील, नळ्या किंवा तडे यांतून बाहेर पाझरू लागते, तेव्हा त्या दोषास तेलगळती असे म्हणतात. पेट्रोल, डिझेल व सीएनजी या तिन्ही प्रकारच्या इंजिनांत हा दोष आढळतो. तेल जेथे टपकते ते ठिकाण आणि ते जेथून निसटते ते ठिकाण बहुधा वेगळे असते. त्यामुळे उगमाचा अचूक शोध हाच या दुरुस्तीचा मुख्य भाग होय. शोध चुकल्यास निर्दोष भाग बदलला जातो, खर्च होतो आणि गळती तशीच राहते.

तेलाचा मार्ग

इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारे पसरट भांडे असते. गॅरेजच्या भाषेत त्याला ‘चेंबर’ म्हणतात. तेथून पंप जाळीवाटे तेल ओढून घेतो व फिल्टरमधून गाळून क्रँक शाफ्ट, कॅम शाफ्ट इत्यादी फिरत्या भागांकडे दाबाखाली पाठवतो. धावत्या इंजिनात हा दाब साधारणपणे ३ ते ५ बार असतो. काम झाल्यावर तेल स्वतःच्या वजनाने पुन्हा चेंबरमध्ये उतरते.

गळतीचे दोन प्रकार यावरून समजतात. फिल्टर, तेलदाबाचा स्विच किंवा टर्बोकडे तेल नेणारी नळी यांतील तेल दाबाखाली असते. तेथील गळती मुख्यतः इंजिन चालू असताना होते व वेगाने वाढू शकते. टॅपेट कव्हर, चेंबरचे पॅकिंग व शाफ्टवरील सील यांच्याशी येणाऱ्या तेलावर पंपाचा दाब नसतो. तेथील गळती मंद असते आणि पुष्कळदा महिनोन्महिने लक्षात येत नाही.

दुष्परिणाम

तेल कमी झाल्यास फिरत्या भागांमधील वंगणाचा पातळ थर तुटतो, धातूवर धातू घासतो आणि अखेरीस इंजिन जाम होते. डॅशबोर्डवरील लाल तेलदिवा हा बहुसंख्य गाड्यांत तेलाच्या दाबाचा सूचक असतो, पातळीचा नव्हे. तो लागेपर्यंत तेलाची पातळी धोकादायक मर्यादेखाली गेलेली असू शकते. म्हणून दिवा लागताच गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करणे आवश्यक असते. ‘गॅरेजपर्यंत नेऊ’ या विचाराने थोडेसे अंतर गाडी चालवल्यानेही इंजिन निकामी होऊ शकते.

तप्त एक्झॉस्टवर पडलेल्या तेलाने धूर व जळका वास येतो. गळती मोठी असल्यास आगीचाही धोका असतो. टायमिंग बेल्टवर तेल पडल्यास पट्ट्याचे रबर फुगते व तो अकाली तुटू शकतो. रबरी नळ्यांनाही तेलाने इजा होते.

कारणे

रबरी सील व पॅकिंग उष्णतेने कालांतराने कडक होतात व त्यांची लवचिकता जाते. नायट्राइल रबर सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंतच्या सततच्या उष्णतेत टिकते, तर फ्लोरोरबर २०० अंशांच्या आसपासही टिकू शकते. इतर कारणांत बोल्ट सैल असणे किंवा अतिरेकी आवळणे, दगड लागून चेंबर चेपणे, तेल प्रमाणाबाहेर भरणे आणि ब्रीदर तुंबणे यांचा समावेश होतो.

ब्रीदरचे कारण विशेष महत्त्वाचे असूनही अनेकदा दुर्लक्षित राहते. ज्वलनातील थोडा वायू पिस्टनच्या रिंगांवरून निसटून चेंबरमध्ये उतरतो. त्याला बाहेर वाट देण्याचे काम ब्रीदरची नळी व तिच्यातील झडप करतात. ही वाट काजळीने बंद झाल्यास आत दाब साठतो आणि सर्वांत कमकुवत सीलमधून तेल बाहेर ढकलले जाते. अशा वेळी केवळ सील बदलल्यास नवे सीलही गळू लागते.

खानदेशातील परिस्थिती

भुसावळ हे जळगाव जिल्ह्यातील रेल्वे जंक्शन राष्ट्रीय महामार्ग ५३ वर (पूर्वीचा क्रमांक ६) वसलेले आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथील कमाल तापमान ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. धावत्या गाडीत वाऱ्यामुळे इंजिनाची उष्णता वाहून नेली जाते. मात्र लांबच्या प्रवासानंतर गाडी उन्हात उभी केली की बॉनेटखाली ती कोंडते व वरच्या भागातील पॅकिंगला तिची झळ बसते. कडक झालेले रबर थंडीत आणखी आकसते. त्यामुळे उन्हाळ्यात झालेली हानी कधी कधी हिवाळ्यातील पहाटे, गार इंजिन सुरू करताना प्रथम दिसून येते.

काळ्या मातीची बारीक धूळ तेलकट पृष्ठभागावर बसून तिचा जाड थर तयार होतो. हा थर गळतीचा उगम झाकतो आणि इंजिनाची उष्णताही आत धरून ठेवतो. उन्हाळ्यात आणखी एक गैरसमज संभवतो. वातानुकूलन यंत्रातून टपकणारे पाणी गळती समजून चिंतेचे कारण ठरते. मात्र ते रंगहीन व गंधहीन असते आणि त्याचा इंजिनाशी संबंध नसतो.

द्रवाची ओळख

रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा किंवा कोरा कागद पसरून सकाळी डाग पाहणे, ही सोपी व विश्वसनीय चाचणी आहे. इंजिन तेल तपकिरी ते काळे व बोटांना बुळबुळीत लागते. शीतक द्रव हिरवा, गुलाबी वा निळा असून त्याला गोडसर वास असतो. पॉवर स्टिअरिंगचे तेल पुष्कळदा लालसर असते. ब्रेक तेल फिकट व पातळ असते. डाग चाकाजवळ असून ब्रेक तेलाचा संशय आल्यास गाडी चालवू नये.

गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच ते दहा मिनिटांनी गेज काढून तेलाची पातळी पाहावी. पातळी सतत घटत असूनही खाली डाग पडत नसेल आणि धुराड्यातून निळसर धूर येत असेल, तर तेल गळत नसून जळत असण्याची शक्यता अधिक असते.

उगमाचा शोध

तेल गुरुत्वाने खाली आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकते. म्हणून ओल्या भागांपैकी सर्वांत वरचे व सर्वांत पुढचे ठिकाण हाच उगम असण्याचा संभव असतो. शोधाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. थंड इंजिन तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने स्वच्छ धुऊन कोरडे करावे. अल्टरनेटर व विजेची जोडणी आधी प्लॅस्टिकने झाकावी. धुण्यासाठी पेट्रोल वापरू नये.

२. इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून विजेरीच्या प्रकाशात वरून खाली पाहणी करावी. हात व कपडे पंखा आणि पट्ट्यापासून दूर ठेवावेत.

३. इंजिन बंद करून ते निवल्यावर संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी. पट्ट्यांवर ती पडू देऊ नये. थोड्या वेळाने जेथे पावडर प्रथम ओली होते, तेथे उगम असतो.

४. गळती फारच मंद असल्यास तेलात विशिष्ट रंगद्रव्य मिसळून काही किलोमीटर गाडी चालवावी व अतिनील प्रकाशाच्या विजेरीने पाहावे. गळतीची रेघ पिवळसर हिरवी चमकते.

५. ब्रीदरची नळी व झडप तुंबलेली नाही, याची खात्री सील बदलण्यापूर्वी करावी.

नेहमी आढळणारी ठिकाणे

फिल्टर – जुन्या फिल्टरची रबरी चकती इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला, तर काही मिनिटांत बरेचसे तेल बाहेर पडू शकते.

ड्रेन बोल्ट – बोल्टखालील चपटी होणारी वॉशर पुन्हा वापरल्याने येथून थेंब पडतात.

तेलदाबाचा स्विच – तेल स्विचच्या आतून विजेच्या जोडणीपर्यंत येते.

टॅपेट कव्हर – पॅकिंग कडक होऊन तेल इंजिनाच्या बाजूंवरून उतरते. काही पेट्रोल इंजिनांत ते स्पार्क प्लगच्या खोबणीत साठून इंजिन झटके देऊ लागते.

क्रँक शाफ्टचे पुढचे व मागचे सील – मागचे सील इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये असते. ते बदलण्यासाठी बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

यांपैकी अखेरच्या दोन ठिकाणांची गल्लत सर्वांत महाग पडते. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेले तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळून गिअरबॉक्सच्या सांध्यापाशीच टपकते. खालून पाहणाऱ्यास मागचे सील गेले असे वाटते. किरकोळ किमतीच्या पॅकिंगऐवजी गिअरबॉक्स उतरवण्याचे मोठे काम काढले जाते आणि गळती कायम राहते. म्हणून गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी वरचा भाग धुऊन, कोरडा करून पुन्हा तपासणे अत्यावश्यक आहे.

दुरुस्ती

जुन्या पॅकिंगचे अवशेष पृष्ठभागावर ओरखडे न पाडता काढावेत. कव्हरचे बोल्ट निर्मात्याने ठरवून दिलेल्या क्रमाने व टॉर्क पान्याने आवळावेत. जास्त आवळल्यास पत्रा वाकतो किंवा पॅकिंग फाटते. सिलिकॉन निर्मात्याने सांगितलेल्या जागीच व बेताने लावावे. आतल्या बाजूस आलेले जादा सिलिकॉन तुटून पंपाच्या जाळीत अडकल्यास तेलाचा पुरवठाच बंद पडू शकतो. फिल्टरच्या रबरी चकतीस नवे तेल लावून फिल्टर हातानेच बसवावा. चकती टेकल्यानंतर साधारण पाऊण फेरा पुरेसा असतो.

गळती थांबवणारी मिश्रणे आकसलेले रबर काही काळ फुगवतात. फाटलेले पॅकिंग किंवा चेपलेले चेंबर यांवर त्यांचा उपयोग होत नाही. दुरुस्तीनंतर तेलाची पातळी भरून, भाग पुन्हा स्वच्छ करून आणि काही दिवसांच्या वापरानंतर तपासूनच काम पूर्ण झाले असे समजावे.

सुरक्षितता व विल्हेवाट

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये; भक्कम स्टँड लावावेत व चाकांना अडथळे द्यावेत. वापरलेले इंजिन तेल भारतात घातक कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांच्या कक्षेत येते. ते झाकणबंद डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे. गटारात ओतलेले तेल नाल्यांवाटे नदीत पोहोचते. भुसावळ परिसरात ती नदी तापी होय.